यजमान कोण?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांची उभी हयात आश्रमशाळांत गेली. मुलाच्या घरी जाऊन चुलीजवळ बसल्याशिवाय त्या मुलाविषयी शेरा लिहायचा नाही, असा त्यांचा दंडक होता. आजच्या विषयाला मी तोच दंडक लावणार आहे. विषय आहे आपल्या कचेऱ्यांत, शाळांत, कारखान्यांत आणि चौकांत होणाऱ्या आदिवासी गौरवाच्या कार्यक्रमांचा. हे कार्यक्रम वाढत आहेत आणि मला त्याचा आनंद आहे. पण त्यांत आपण नेमका कशाचा गौरव करतो, हे विचारायची वेळ आली आहे.

नऊ ऑगस्ट, जागतिक आदिवासी दिन, आता आपल्याकडे कोणाला नवा राहिलेला नाही. गडचिरोलीत, अहेरीत, राजुऱ्यात, जिवतीत त्या दिवशी मिरवणुका निघतात. पिवळे फेटे, पिवळे दुपट्टे, ढोलांचा ठेका, राणी दुर्गावती, बिरसा मुंडा आणि बाबूराव शेडमाके यांच्या तसबिरी आणि 'जय सेवा'चा घोष. महाविद्यालयांत व्याख्यानं होतात, प्रकल्प कार्यालयांत गुणवंतांचा सत्कार होतो. या तारखेचं मूळ दूरचं आहे. १९८२ साली ९ ऑगस्टला जिनिव्हात संयुक्त राष्ट्रसंघाच्या एका कार्यगटाची पहिली बैठक झाली. जगभरच्या मूळनिवासी समाजांच्या हक्कांचा विचार करणं हे त्या गटाचं काम होतं. पुढे १९९४ च्या डिसेंबरात आमसभेने ठराव करून हा दिवस जाहीर केला. योगायोग असा की त्याच १९८२ च्या त्याच ऑगस्ट महिन्यात, २६ तारखेला, चंद्रपूरपासून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा जन्माला आला. २०२१ पासून केंद्र सरकार बिरसा मुंडांचा जन्मदिवस, १५ नोव्हेंबर, जनजातीय गौरव दिवस म्हणून साजरा करतं. म्हणजे वर्षात दोनदा तरी सरकारी मंडप पडतो, सतरंज्या अंथरल्या जातात आणि रेला नाचायला मुलींना बोलावणं जातं.

२०११ च्या जनगणनेप्रमाणे गडचिरोलीत दर शंभरांत जवळपास एकोणचाळीस माणसं अनुसूचित जमातींची आहेत आणि चंद्रपुरात सुमारे अठरा. ज्या जिल्ह्यात लोकसंख्येचा एवढा मोठा हिस्सा गोंड, माडिया, परधान, कोलाम, हलबा, कंवर असा आहे, तिथे आदिवासी संस्कृती हा पाहुण्यांना दाखवायचा विषय कसा होऊ शकतो? घरच्याच माणसाला घरात पाहुणा करून ठेवलं की ते त्याच्या लक्षात येतंच. आणि तो बोलत नाही, कारण सत्काराची शाल त्याच्या खांद्यावर असते.

यासाठी मी आज एकच प्रश्न घेऊन आलो आहे. कार्यक्रम आदिवासींचा असेल, तर त्याचा यजमान कोण?

आधी आपल्या शहरापासून सुरुवात करतो. चंद्रपूर गोंडराजांनी वसवलं. जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर आणि बिनबा या दरवाजांतून आपण रोज ये-जा करतो. परकोटावर झाडं माजली होती, ती २०१७ पासून इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी महिनोन् महिने श्रमदान करून काढली आणि मग रविवारी लोकांना तटावरून फिरवून इतिहास सांगायला सुरुवात केली. स्मारकाचा सन्मान कसा करावा, याचं हे मला फार आवडणारं उदाहरण आहे, कारण तिथे आधी घाम गाळला गेला आणि भाषण मागाहून आलं. चैत्रात महाकालीच्या यात्रेला मराठवाड्यातून हजारो भाविक येतात. ते देऊळ राणी हिराईने उभारलं. पती बीरशहाची समाधीही तिनेच बांधली. देवीपुढे माथा टेकणाऱ्या किती जणांना त्या गोंड राणीचं नाव ठाऊक असतं? ते सांगायला वेगळा उत्सव लागत नाही. यात्रेच्या वाटेवर, मंदिराच्या प्रांगणात तिची कथा मोठ्या अक्षरांत लिहिली तरी पुरे.

आणि मग आपलं कारागृह. बाबूराव पुलेश्वर शेडमाके यांचा जन्म १२ मार्च १८३३ चा, किष्टापूरचा. मोलमपल्लीच्या जमीनदाराचा हा मुलगा रायपूरला शिकून आला आणि १८५७ च्या सप्टेंबरात त्याने गोंड, माडिया आणि रोहिल्या तरुणांची फौज उभी केली. राजगड परगणा ताब्यात घेतला. १८५८ च्या मार्चमध्ये नांदगाव-घोसरीला कॅप्टन क्रिक्टनच्या फौजेशी तो भिडला. एप्रिलअखेर प्राणहितेच्या काठी चिंचगुडीला इंग्रजांच्या तारखात्याच्या तळावर हल्ला झाला, त्यात दोन इंग्रज मारले गेले. दिल्ली-लखनौचं सत्तावन्न आपण शाळेत पाठ करतो. प्राणहितेच्या काठचं सत्तावन्न मात्र पुष्कळांना नोकरी लागल्यावर, एखाद्या मिरवणुकीतल्या तसबिरीवरून कळतं. फितुरीने बाबूराव पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात पिंपळाला त्यांना फाशी दिलं. तेव्हा त्यांचं वय पंचवीस होतं.

दरवर्षी त्या दिवशी लोक कारागृहात येतात. लांबून, एस.टी.ने, मिळेल त्या वाहनाने. तो पिंपळ तुरुंगाच्या आवारात आहे, म्हणजे एका चालत्या सरकारी कार्यालयात. एरवी जिथे परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही, तिथे २१ ऑक्टोबरला दरवाजा उघडतो तो लोकांच्या श्रद्धेपुढे. या मेळाव्याची तारीख कोणत्या परिपत्रकाने ठरवलेली नाही. ज्यांचा माणूस गेला त्यांनी ती ठरवली आहे. टपाल खात्याचं तिकीट आलं ते फार पुढे, २००९ साली. लोक मात्र तिकिटाआधीही येत होते.

आता जरा जंगलाच्या आत जाऊ. माडिया आणि गोंड गावांत सण कसा होतो ते पाहू, कारण आपल्या मंचावरच्या कार्यक्रमात जे गळून पडतं ते तिथेच सापडेल.

पेरणीच्या आधी विज्जा पंडुम, म्हणजे बियाण्याचा सण, होतो. घराघरातून बियाणं गावदेवाजवळ येतं, गायता, म्हणजे गावचा पुजारी, पूजा करतो आणि मग ते बियाणं घरोघर परत जातं. त्याआधी कोणी पेरत नाही. आंब्याचा पंडुम झाल्याशिवाय नवा आंबा खायचा नाही. कोय धरायच्या आधी कैऱ्या झोडपायच्या नाहीत, हे कोणाला कायद्याने सांगावं लागत नाही. सण कोणत्या दिवशी करायचा, हे गाव बसून ठरवतं. पाऊस, फळ, एखाद्या घरातलं मरण, शेजारच्या गावाची सोय, सगळं पाहून ठरतं. त्या बैठकीत भांडणं मिटतात, कोणाचं लग्न ठरतं, कोणाचा दंड माफ होतो. मग रात्री ढोल वाजतो. नाचाला प्रेक्षक नसतात. ज्याला नाचता येत नाही तोही रांगेत हात गुंफतो आणि पहाटेपर्यंत त्याला ते आलेलं असतं.

एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाचं ठाणं आहे. दर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तिथे यात्रा भरते. सुरजागड इलाक्यातल्या गावांचे लोक आपापले देव घेऊन डोंगर चढतात. हाच डोंगर लोहखनिजाचा आहे आणि तिथे खाण सुरू झाली आहे. म्हणून त्या यात्रेत पूजा झाली की ग्रामसभांचे प्रतिनिधी बसतात आणि वनहक्क, पेसा कायदा आणि खाण यांवर बोलतात. बाहेरून आलेल्या काहींना वाटतं की यात्रेत राजकारण घुसलं. मला वाटतं, यात्रेची रीत पहिल्यापासून तीच आहे. देव डोंगरावर आहे, तर डोंगराचं काय होणार हा देवाच्या दारात बसून बोलायचाच विषय आहे. खाणीबद्दल आदिवासींतही एकमत नाही. कोणाला तिथे रोजगार मिळाला आहे, कोणाचं जंगल गेलं आहे. हे मतभेद मांडायची जागा त्यांच्याकडे परंपरेने आहे आणि ती जागा म्हणजेच हा मेळावा.

देव, अन्न, नाच आणि निर्णय हे तिथे एकाच अंगणात असतात. आपण आपल्या सभागृहात त्यातला नाच तेवढा उचलून आणतो.

काही वर्षांपूर्वी मी एका मोठ्या कार्यालयात नऊ ऑगस्टच्या कार्यक्रमाला पाहुणा म्हणून गेलो होतो. आश्रमशाळेच्या मुली सकाळपासून नऊवारी गुडघ्यापर्यंत आवरून, डोक्याला मोरपीस खोवून व्हरांड्यात बसल्या होत्या. मुख्य पाहुण्यांना उशीर झाला. बाहेर संततधार. ऑगस्टच्या ओलीने ढोलांची कातडी सैल पडली होती आणि थाप मारली की बद्द आवाज येत होता. ढोल वाजवणारी दोन पोरं मागच्या सायकल स्टँडजवळ खोक्यांचे पुठ्ठे पेटवून कातडी शेकायला लागली, तर सुरक्षारक्षकाने ती आग विझवली. त्याचंही चूक नव्हतं, कार्यालयात जाळ करायचा नसतो. तेवढ्यात चहाचे ट्रे नेणारा एक शिपाई थांबला. त्याने ट्रे खिडकीत ठेवला, ढोल हातात घेतला, तळहाताने कातडीच्या कडेकडेने दाबून पाहिलं आणि पोरांना घेऊन कँटीनच्या शेगडीकडे गेला. ढोल आचेपासून हातभर वर धरून, सावकाश फिरवत, मधूनमधून बोटाच्या पेराने टिचकी मारत त्याने तो शेकला. आधी मोठी बाजू, मग लहान. ढोल बोलायला लागला तेव्हा त्याने मान हलवली आणि पुन्हा ट्रे उचलला.

मागाहून कळलं की तो आपल्या गावचा गायता आहे. विज्जा पंडुमाला त्याच्या हातून बियाणं घेतल्याशिवाय गाव पेरणी करत नाही. त्या सबंध कार्यालयात त्या दिवसाचा अर्थ सांगू शकेल असा माणूस तोच होता, आणि तो अडीच तास चहा वाटत होता. निवेदकाने 'आता आपल्या मनोरंजनासाठी' असं म्हणून मुलींना मंचावर बोलावलं. आयोजकांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांनी मनापासून धावपळ केली होती, मुलींना जेवण दिलं होतं, भेटवस्तू दिल्या होत्या. फक्त 'हा कार्यक्रम कसा करावा?' हे कार्यालयातल्याच आदिवासी सहकाऱ्याला विचारावं, असं कोणाला सुचलं नव्हतं. चपराशाला विचारायची आपल्याला सवय नाही. आदिवासी चपराशाला तर नाहीच नाही. त्या दिवशी मी भाषणात काय बोललो ते मला आठवत नाही. शेगडीवर फिरणारा ढोल मात्र आठवतो आणि तो आठवला की मला राग येतो.

असं होऊ नये म्हणून काय करता येतं, याचं उत्तर शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात आहे. तिथे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी 'सर्च'चं काम १९८६ साली सुरू केलं. पुढे गडचिरोलीजवळ शोधग्रामला रुग्णालय बांधायच्या आधी त्यांनी आदिवासींना विचारलं की तुम्हाला दवाखान्याची भीती का वाटते. लोक मोकळेपणाने बोलले. मोठ्या इमारतीत हरवल्यासारखं होतं. पांढऱ्या कपड्यांतल्या डॉक्टर-नर्सचीही त्यांना धास्ती होती, कारण आपण पांढऱ्यात मेलेल्या माणसाला गुंडाळतो. मग रुग्णालय झोपड्यांच्या वस्तीसारखं बांधलं, रुग्णासोबत नातेवाईक राहतील अशी सोय केली आणि लोकांच्या सांगण्यावरून त्याला माँ दंतेश्वरीचं नाव दिलं. तिथे दरवर्षी दंतेश्वरीची जत्रा भरते. गावोगावचे लोक येतात, पूजा होते, नाच होतो आणि त्याच जत्रेत गावांचे प्रतिनिधी आपल्या आरोग्याचे प्रश्न मांडतात. मलेरियाचा प्रश्न तिथे लोकांनीच पुढे आणला.

कामाच्या ठिकाणी आदिवासी संस्कृतीचा सन्मान करणं याचा अर्थ मला इथे कळला. त्या सन्मानाने भिंतींचा आकार बदलला, कपड्यांचा रंग बदलला, कामाचा क्रम बदलला. वर्षातून एक दिवस मोरपीस लावून हे झालं नसतं.

दुसरं उदाहरण धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावाचं. आपण मेंढा-लेखा म्हणतो. तिथल्या माणसांनी गोटुल पुन्हा बांधायचं ठरवलं. गोटुल म्हणजे गावाच्या तरुणांची शाळा, पाहुण्यांचं घर आणि पंचायतीची जागा, सगळं एकत्र. त्याला सागाचं लाकूड लागतं आणि लाकूड जंगलातलं. वनखात्याने ते बेकायदा ठरवून बांधलेलं गोटुल पोलीस बंदोबस्तात मोडलं. तेव्हा आसपासच्या गावांची बैठक झाली आणि त्यांनी ठरवलं की आता आपणही आपापल्या गावात गोटुल बांधायचं. मोडणार किती? मेंढ्याचं गोटुल पुन्हा उभं राहिलं. ज्या गावाने आपली जमायची जागा अशी परत मिळवली, त्याच गावाला पुढे २००९ साली वनहक्क कायद्याखाली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक. मला हे दोन प्रसंग सुटे वाटत नाहीत. जमायला जागा होती म्हणून अभ्यासगट बसला, अभ्यासगट बसला म्हणून सर्वसहमतीने निर्णय झाला, आणि निर्णय झाला म्हणून दावा टिकला. या कामी सामाजिक कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखा मित्र त्या गावाला लाभला, पण गावाच्या वतीने निर्णय त्यांनी कधी घेतला नाही. गावातले देवाजी तोफा आणि बाकीचे गावकरी बसत, बोलत, थांबत, पुन्हा बसत. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्या बसण्यातून आली.

२७ एप्रिल २०११ ला तिथे एक कार्यक्रम झाला. केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले आणि बांबूच्या वाहतुकीचं परवानापुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. तोवर आपल्या जंगलातला बांबू बाहेर न्यायचा तर शिक्का वनखात्याचा लागत असे. त्या दिवसापासून तो गावाचा लागू लागला. मंडप होता, हार होते, भाषणं होती, मंत्री होते, म्हणजे एरवीच्या सरकारी समारंभात जे असतं ते सगळं होतं. तरी तो समारंभ वेगळा होता. तिथे गाव यजमान होतं आणि मंत्री पाहुणे. आणि मंडप उतरल्यावरही गावाच्या हातात काहीतरी राहिलं होतं.

आता नोकरदारांबद्दल बोलतो, कारण समोर बरेच जण नोकरीतले आहेत. शिकलेला आदिवासी गावापासून तुटतो, असं सहज म्हटलं जातं. मला ते मान्य नाही. मोतीरावण कंगाली नागपूरला रिझर्व्ह बँकेत नोकरीला होते. ही नोकरी सांभाळून त्यांनी गोंडी भाषा, लिपी आणि कोया पुनेम या गोंडी धर्मपरंपरेवर आयुष्यभर लिहिलं. पहांदी पारी कुपार लिंगोची परंपरा ग्रंथबद्ध केली. २०१५ साली त्यांचं निधन झालं. 'गोंडवाना दर्शन'चे संपादक सुन्हेरसिंह ताराम आणि त्यांच्यासारखे इतर यांच्यासह ते गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या गुहांपर्यंत गेले. गोंडांच्या कथेत जंगो रायताड आणि लिंगो यांच्याशी जोडलेली ती जागा. १९८० च्या दशकात मूठभर लोक तिथे जमले. आज माघ पौर्णिमेला महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण अशा ठिकाणांहून लाखो लोक येतात. या यात्रेला उभं करण्यात शिक्षक, कारकून, बँकेतले कर्मचारी यांचा मोठा हात आहे. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, पगारातले पैसे काढून, त्यांनी आपल्या समाजाची पायवाट पुन्हा मोकळी केली. आपल्या कार्यालयात शेजारच्या टेबलावर बसणारा माणूस रात्री घरी जाऊन काय लिहीत असेल, हे आपल्याला ठाऊक नसतं. ते ठाऊक करून घेणं हा गौरवाचा पहिला भाग आहे.

थोडं बाहेर पाहू. ऑस्ट्रेलियात जुलै महिन्यात एक आठवडा मूळनिवासी समाजांच्या नावाने साजरा होतो. कार्यालयांत सकाळच्या चहाला सगळे जमतात, शाळांत चित्रं काढतात. त्याचं मूळ मात्र चहात नाही. १९३८ साली २६ जानेवारीला, इंग्रजांचं पहिलं जहाजी पथक येऊन दीडशे वर्षं झाल्याचा जल्लोष चालू असताना, सिडनीत मूळनिवासींनी शोक दिन पाळला. त्या सभेत त्यांनी नागरिकत्वाचे समान हक्क मागितले. पुढे ती तारीख जुलैत सरकली आणि हळूहळू तिचा उत्सव झाला. तिथे अनेक जण आज आग्रह धरतात की त्या चहाच्या वेळी १९३८ चीही आठवण काढा. दुसरी एक पद्धत त्यांच्याकडे रुजली आहे. कोणत्याही मोठ्या सभेच्या आरंभी त्या भूमीच्या समाजातली वडीलधारी व्यक्ती पाहुण्यांचं स्वागत करते. म्हणजे पंतप्रधान आले तरी यजमानपण त्या म्हाताऱ्याचं किंवा म्हातारीचं. आपण कोणाची नक्कल करायची गरज नाही. पण चंद्रपुरातल्या एखाद्या औष्णिक वीज केंद्राच्या, कोळसा खाणीच्या वा विद्यापीठाच्या समारंभात त्या जागेवर ज्या गावांची वस्ती होती, त्यांचा गायता किंवा भूमिया पहिला बोलला तर काय बिघडेल?

ताडोब्याचंच घ्या. आज देशभरातून लोक तिथे वाघ पाहायला येतात. तलावाच्या काठी ताडोबा देवाचं ठाणं आहे. लोक सांगतात की तारू नावाचा गावचा प्रमुख वाघाशी झुंजताना तिथे मेला आणि देव झाला. पौषात तिथे आदिवासींची जत्रा भरायची रीत आहे. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, पुढे व्याघ्र प्रकल्प झाला आणि देवाचं ठाणं गाभाक्षेत्रात गेलं. देवाला जायला त्याच्याच लेकरांना परवानगी घ्यावी लागते. वाघाला शांतता हवी, हे मला पटतं. पण वनरक्षक, जिप्सीचालक, मार्गदर्शक यांतले कितीतरी जण याच गावांचे आहेत. जत्रा कशी भरवावी, किती माणसं, किती वेळ, कोणत्या वाटेने, हे त्यांच्याशी आणि ग्रामसभांशी बसून ठरवता येईल. पर्यटकाला वाघाच्या आधी तारूची गोष्ट सांगितली जाईल, आणि ती सांगणारा तारूच्या गोताचा असेल, तेव्हा त्या उद्यानातल्या नोकरीलाही वेगळा मान येईल.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. मेंढ्याच्याच धानोरा तालुक्यात मोहगाव आहे. तिथल्या ग्रामसभेने २०१९ साली आपल्या मुलांसाठी गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. 'पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटुल' असं तिचं नाव. मुलं गोंडीत शिकतात, मराठी आणि इंग्रजीही शिकतात, आणि गावातली जाणती माणसं त्यांना झाडपाला, शेती, गाणी, देवांची माहिती देतात. राज्यघटनेचं ३५०-क हे कलम म्हणतं की भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय राज्याने करावी. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २९ लाख ८४ हजार माणसांनी गोंडी ही मातृभाषा नोंदवली. तरी ती आठव्या अनुसूचीत नाही. या शाळेला शिक्षण खात्याने अनधिकृत ठरवलं, दंडाची नोटीस दिली आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं.

मला कायद्याची अडचण समजते. शिक्षण हक्क कायद्याला मान्यता लागते, निकष लागतात. निकष मुलांच्या भल्यासाठीच केलेले आहेत. पण एक मंडप असा की जिथे गोंडी गाण्यावर टाळ्या वाजतात आणि एक शाळा अशी की जिथे गोंडीत पाढे म्हटले तर नोटीस येते, हे दोन्ही एकाच जिल्ह्यात, एकाच शासनाच्या सहीने चालू राहिलं, तर मुलांनी त्यातून काय शिकायचं? आपली भाषा नाचायला चालते, शिकायला नाही? ग्रामसभेने आपल्या अधिकारात काढलेली शाळा मान्यतेच्या चौकटीत कशी बसवायची, हा प्रश्न सुटण्यासारखा आहे. तो सोडवला तर मी त्याला त्या वर्षीचा सर्वांत मोठा आदिवासी गौरव सोहळा म्हणेन, ढोल न वाजताही.

जिथे आपल्या हातात आहे तिथली काही पावलं सांगतो. कार्यक्रम ठरवायच्या पहिल्या बैठकीला कार्यालयातले आदिवासी सहकारी बोलवा, हुद्दा न पाहता, आणि त्यांनी 'नको' म्हटलं तर 'नको'च समजा. नाचणाऱ्या मुलींच्या परीक्षा आणि तास बुडवून त्यांना बोलावू नका. कलावंत गावातून येत असतील तर त्यांना मानधन द्या, नुसतं प्रमाणपत्र नको. पंडुमाला गावी जाणाऱ्या कर्मचाऱ्याला रजा मागताना कारण लपवावं लागू नये. आपण गणपतीला, दिवाळीला जातो तसाच तोही जातो. ज्या कचेरीत वनहक्काचे दावे पडून आहेत, तिने नऊ ऑगस्टला नाचाच्या आधी त्या दाव्यांचा तपशील गावांपुढे वाचून दाखवावा. गडचिरोलीत हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत, त्यामुळे हे काम शासनाला जमत नाही असं म्हणायला जागा नाही. जिल्हा पोलीस बाबूराव शेडमाकेंच्या नावाने कबड्डीचे सामने घेतात, रेला नृत्याच्या स्पर्धा घेतात. तरुण पोरं त्यात रमतात, हे चांगलंच आहे. तिथे माझी एवढीच विनंती की रेल्याला पहिला-दुसरा क्रमांक देऊ नका. ज्या नाचात सगळं गाव एका रांगेत असतं, त्यात हरलेलं गाव कोणतं?

आणि दवाखान्यात, बसस्थानकावर, तहसिलीत गोंडी, माडिया, कोलामी बोलणारा एक माणूस खिडकीवर बसवा. भामरागडहून तापाने फणफणलेलं लेकरू घेऊन आलेल्या बाईला 'काय होतंय?' हे तिच्या बोलीत विचारणारं कोणी असणं, हा माझ्या मते सत्कार आहे. हेमलकशाला लोकबिरादरीत १९७३ पासून डॉक्टरांनी आधी माडिया शिकून घेतली आणि मग दवाखाना चालवला. हे पन्नास वर्षांपूर्वी विजेशिवाय, रस्त्याशिवाय झालं.

जाता जाता व्याख्यानमालेच्या संचालकांना एक विनंती. पुढच्या वर्षीचं व्याख्यान या सभागृहात ठेवू नका. एखाद्या ग्रामसभेला पत्र लिहा, त्यांच्या गोटुलात जागा मागा आणि तारीख त्यांना ठरवू द्या. वक्ता त्यांनी निवडावा, व्याख्यान गोंडीत व्हावं आणि आम्हा मराठी श्रोत्यांसाठी कोणीतरी दुभाषी असावा. सतरंजी, चहा आणि माइक नेण्याचं काम आमच्याकडे द्या. मी येईन, आणि माझ्याबरोबर, जिथे शेगडीवर ढोल शेकला गेला, त्या कार्यालयातल्या साहेबांनाही घेऊन येईन.

जय सेवा.